स्कोन मऊ हवेत? मग पीठ मळू नका

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनला राहायला आल्यापासून आमच्या घरी चारच्या चहाबरोबरची बिस्किटं मागे पडली आणि मनुकेवाले स्कोन, म्हणजे यीस्टशिवाय फुगवलेले छोटे गोड पाव, आले. इथे ते कॅफेत मिळतात, चर्चच्या सभागृहातल्या चहापानात मिळतात, सुपरमार्केटात पाकिटांतूनही मिळतात. पाकिटातला मात्र चहाच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही. मऊ स्कोन खायचा तर घरचा, आणि तोही त्याच दिवशीचा.

मी पाहून शिकले ते शेजारच्या आजींकडून. ऐंशी पार केलेल्या या बाईंचा हात पिठात जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. फ्रीजमधून काढलेल्या थंडगार लोण्याचे तुकडे त्या पिठात टाकतात आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळतात, तळवा लावत नाहीत. आपण शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच, पण इथे मोहन गार. मधूनच परात हलवतात, म्हणजे लोण्याचे मोठे खडे आपोआप वर येतात. मग तेवढेच चिरडायचे.

प्रमाण सांगते. मैदा 225 ग्रॅम, बेकिंग पावडर तीन सपाट छोटे चमचे, लोणी 50 ग्रॅम, साखर 25 ग्रॅम, बेदाणे मूठ-दीड मूठ, दूध साधारण 150 मिली. अंडं लागत नाही. इथे बेकिंग पावडर घातलेला तयार मैदाच मिळतो. 1845 मध्ये त्याचं पेटंट घेतलं ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स नावाच्या बेकरने, म्हणजे आमच्याच भागातला शोध म्हणायचा! तुम्ही भारतात साधा मैदा आणि बेकिंग पावडर दोनदा एकत्र चाळून घ्या. अमूल बटर वापरणार असाल तर वेगळं मीठ नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात बटर फ्रीझरमध्ये कडक करून किसणीवर किसा, नाहीतर चोळता चोळताच वितळेल.

बेदाणे गरम चहात थोडा वेळ भिजवून, निथळून, फडक्यावर कोरडे करून घ्या. कोरडे तसेच घातले तर ते पिठातलं पाणी ओढतात, आणि वर डोकावणारे करपून कडू होतात. तासगावचे असतील तर उत्तमच.

दुधात लिंबाचे चार थेंब पिळा, एकदम ओता आणि सुरीने कालवा. होय, सुरीनेच. आपल्या हाताला कणीक तिंबायची सवय, गोळा चिकट दिसला की तो मळायला धावतो. इथे तो आवरायचा. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे त्याला चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं जातं आणि स्कोन चिवट होतो. गोळा ओलसर, ओबडधोबडच हवा. ओट्यावर पीठ भुरभुरवून हातानेच अडीच सेंटिमीटर जाड थापा. पातळ थापलात तर फुगणार काय? वाटीची कड पिठात बुडवून सरळ खाली दाबा, फिरवू नका. फिरवलं की कड बंद होते आणि स्कोन एका अंगाला कलतो. वरून दूध लावताना ते बाजूने ओघळू देऊ नका.

ओव्हन आधीच 220 अंशांवर तापलेला हवा. स्कोन ट्रेमध्ये जवळजवळ ठेवा, म्हणजे एकमेकांच्या आधाराने वर चढतात. बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. बाहेर काढले की लगेच स्वच्छ पंच्यात गुंडाळा. वाफ आत कोंडून पापुद्रा मऊ राहतो. आजींचा सगळा भर या शेवटच्या कृतीवर.

स्कोनवर आधी काय लावायचं, जॅम की क्लॉटेड क्रीम (मंद तापवून काढलेली घट्ट साय), हे भांडण तुम्ही ऐकलं असेल. टेमार नदीच्या अलीकडे, डेव्हनमध्ये, आधी क्रीम, मग जॅम. पलीकडे कॉर्नवॉलमध्ये उलटं. मला विचाराल तर कॉर्नवॉलवाल्यांचं बरोबर आहे, पण हे मी आजींसमोर बोलत नाही. भारतात हे क्रीम मिळालं नाही, तर म्हशीच्या दुधाची गार, घट्ट साय घ्या. डबा भरून उरले तर दुसऱ्या दिवशी आडवे कापून तव्यावर लोण्यात भाजा. माझ्या मुलाला तेच जास्त आवडतात.