रोहू, सायप्रिनस आणि चांदीचे ठिपके

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी रोहू आणि सायप्रिनस हे मासे त्यांची गुणसूत्रं बघायला घेतले. दोघे एकाच कुळातले, तरी रोहूची गुणसूत्रं 50 आणि सायप्रिनसची 100. फार पूर्वी दोन वेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र आले, त्यातून हे दुप्पट झालं. ते स्वतः बघायची मला फार इच्छा होती.

माशाला कोल्चिसिन हे रसायन टोचलं की पेशींचं विभाजन मेटाफेजला, म्हणजे गुणसूत्रं सगळ्यात स्पष्ट दिसतात त्या टप्प्याला, अडतं. मग लवंगतेलाच्या पाण्यात मासा पुरता निपचित झाला की मूत्रपिंड काढायचं. त्यापुढे सगळी भिस्त 0.56 टक्के पोटॅशियम क्लोराइडवर. त्यात पेशी फुगतात. वेळ कमी पडला तर गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, जास्त झाला तर पेशी फुटून शेजारच्या पेशीत मिसळलेली. सायप्रिनसची 100 सुटी मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला! नंतर मिथेनॉल-ॲसेटिक आम्लात पेशी टिकवणं आणि जिम्सा या रंगाने रंगवणं त्यामानाने सोपं.

गुणसूत्रं दिसली ती खसखस सांडल्यासारखी, जेमतेम काही मायक्रॉनची. सेंट्रोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाच्या, जागेवरून गट पडतात, जोड्या मात्र खात्रीने लागत नाहीत. इथे पुनरावृत्त डीएनए, म्हणजे तोच क्रम पुन्हा पुन्हा येणारा डीएनए, मदतीला आला.

सिल्व्हर नायट्रेटच्या 50 टक्के द्रावणाचे दोन थेंब, जिलेटिन-फॉर्मिक आम्लाचा एक, वर कव्हरस्लिप, आणि स्लाइड 70 अंशांच्या तव्यावर. डोळ्यांदेखत ती पिवळी, मग सोनेरी तपकिरी होते. तेवढ्यातच धुवायची, नाहीतर सगळं काळं. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं फिकट पिवळी आणि त्यांवर मोजकेच गडद ठिपके. तिथे रायबोसोमल आरएनएच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या घटकाच्या) जनुकांच्या प्रती एकापाठोपाठ एक रांगेने असतात. ठिपकेवाली जोडी आता शंभरातूनही ओळखू येते. बेरियम हायड्रॉक्साइड वापरून सी-बँडिंग ही पट्टे रंगवायची पद्धतही केली, त्यात सेंट्रोमिअरजवळचा भाग उठून दिसला.

प्रथिनं घडवत नाही म्हणून हा डीएनए बिनकामाचा, असं अजूनही ऐकायला मिळतं. मला ते मुळीच पटत नाही. गुणसूत्रांची टोकं सांभाळणारा टीटीएजीजीजी हा क्रमसुद्धा पुनरावृत्तच आहे.

चांदी मात्र आधीच्या इंटरफेजमध्ये, म्हणजे विभाजनापूर्वीच्या टप्प्यात, चालू असलेल्याच जागा दाखवते. सगळ्या जागा बघायला 18एस प्रोब (याच जनुकांना चिकटणारा चमकता डीएनए तुकडा) लावून फिश (FISH) नावाचं तंत्र करावं लागेल, आणि आमच्याकडे फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक नाही. उरलेल्या पेशी मॅडमनी उणे 20 अंशांवर ठेवायला सांगितल्या आहेत. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत हे काम होतं, तिथे विचारणा केली आहे.