लाल रेघ उमटलीच नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानातून सकाळीच दिवाणजींचा फोन आला. "कालपर्यंत होत्या की पट्ट्या, सर. आता महिन्याभरातल्याच तेवढ्या दिसतायत."

पट्ट्यांचे, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या कागदांचे, स्कॅन लिनक्सवरच्या होम फोल्डरमध्ये होते. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनने रात्री दोनला एक स्क्रिप्ट चालवली होती: सीडी या आज्ञेने बॅकअपच्या फोल्डरात जायचं आणि फाइंड या आज्ञेने तिथल्या तीस दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसायच्या. दोनच ओळी. ती फाइल व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघडली. चुकांखाली रेघ मारणारं शेलचेकचं एक्स्टेन्शन बसवलेलं होतं, तरी एकाही अक्षराखाली रेघ नाही. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशला, फक्त व्याकरण तपासायचा, एन हा पर्याय देऊन तपासलं, तोही गप्प. या शांततेवर विश्वास ठेवला की माणूस फसतो.

एडिटरच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात 'प्लेन टेक्स्ट' लिहिलेलं होतं. फाइलीच्या नावाला डॉट एसएच नाही आणि पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह व बॅशचा पत्ता नाही. मग ही शेल स्क्रिप्ट, म्हणजे बॅशसारख्या शेलसाठी लिहिलेली आज्ञांची यादी, आहे हे एडिटरला कळणार कसं? भाषा ओळखली गेली नाही, म्हणून शेलचेक चाललंच नव्हतं. मुळात व्हीएस कोड स्वतः शेल स्क्रिप्टला फक्त रंग देतो, चुका दाखवायचं काम शेलचेकचं.

त्या शब्दावर क्लिक करून 'शेल स्क्रिप्ट' निवडलं आणि रेघा उमटल्या. शेलचेकचा इशारा एससी 2148: शेल कोणता ते सांगितलेलं नाही. एससी 1017: ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह आहे. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून पेनड्राइव्हने आणलेली होती. नोटपॅड नव्या ओळीसाठी दोन चिन्हं लिहितो, लिनक्सला त्यातलं एकच हवं असतं. उरलेलं चिन्ह बॅशने फोल्डरच्या नावाचाच भाग धरलं. तसं फोल्डर नाही, म्हणून सीडी फसला आणि बॅश पुढच्या ओळीवर गेला. क्रॉन होम फोल्डरातून काम सुरू करतो, त्यामुळे फाइंडचा 'इथे' म्हणजे होम.

फाइंडच्या ओळीलाही तेच चिन्ह लागलं असतं तर 'डिलीट' हा शब्द त्याला ओळखता आला नसता आणि तो थांबला असता. पण ती शेवटची ओळ; लिहिणाऱ्याने तिच्यापुढे एंटर मारलाच नव्हता. एका न मारलेल्या एंटरपायी पट्ट्या गेल्या. बॅशच्या तपासणीलाही हे दिसत नाही, कारण व्याकरण बिनचूक आहे. इफ किंवा फॉर असता तर तिथे अडखळला असता.

फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या साध्या कॅटने हे चिन्ह दिसत नाही; कॅटला मोठा ए दिला की ओळीच्या शेवटी टोपी आणि एम दिसतात. एडिटरमध्ये खालच्या पट्टीवर 'सीआरएलएफ' (दोन चिन्हं) असेल तिथे क्लिक करून 'एलएफ' (एकच चिन्ह) करायचं आणि सेव्ह करायचं. सीडीच्या ओळीखाली एससी 2164 हाही इशारा होता: सीडी फसला तर काय, ते लिहा. म्हणजे त्यापुढे दोन उभ्या रेघा आणि 'एक्झिट 1'. मी मात्र सीडीच काढून टाकला आणि फाइंडला फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला. त्या पत्त्यावर फोल्डर नसेल तर तो काही न पुसता तक्रार करतो.

भाषा हाताने निवडणं पुरेसं नाही. पहिली ओळ नीट लिहिली की फाइल कुणीही उघडली तरी ओळखली जाते. दुसऱ्याच्या दुकानात स्क्रिप्ट ठेवून जाणाऱ्याने एवढी एक ओळ लिहायलाच हवी.

दिवाळीपर्यंतच्या पट्ट्या बाहेरच्या डिस्कवर सापडल्या. त्यानंतरच्या, कागदाचे गठ्ठे उघडून, दिवाणजी पुन्हा स्कॅन करताहेत. त्याच संगणकावर नावाला डॉट एसएच नसलेल्या आणखी तीन फाइली क्रॉनमध्ये लावलेल्या आहेत. तिन्हींवर 'प्लेन टेक्स्ट' दिसतं. सध्या त्या बंद ठेवल्यात.