एफ१ दाबा, पुढे चला

चतुर्थीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. सातवीचा तास. अर्धा वर्ग मनाने घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधायला गेलेला, बाहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा पाऊस. एक मुलगा तिसऱ्यांदा टेबलाशी आला. ‘टीचर, म्हजी फायल सदांच सकयल वता.’ म्हणजे, माझी फाईल नेहमी खाली जाते.

मी म्हटलं, ‘फाईल शोधायची कशी ते शिकवलंय ना? मग शोध.’

हे वाक्य मला अजून सोडत नाही.

आमच्या लॅबमध्ये वीस मशीन आहेत. त्यांतल्या अकरांवर जूनपासून नेट चालत नव्हतं. बाकीच्या नऊंवर व्यवस्थित, तेही त्याच वायरवरून. मी केबल बदलल्या, नेटच्या वायरी जोडतात त्या स्विचची पोर्टं बदलली. पावसाळ्यात रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीवर ओल धरते, म्हणून दरवर्षीप्रमाणे पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबरने घासली. (या खोडरबराने मी जितकी मशीन जिवंत केली, तितकी कुठल्या मेंटेनन्सवाल्याने केली नसतील.) वर्षाच्या करारावरचा माणूस दोनदा आला, उभ्या उभ्या बघितलं आणि लिहून गेला: मशीन जुन्या, नवीन घ्याव्यात. हेडसरांनी कागद फाईलला लावला. लॅब उघडण्यापेक्षा तिचं कुलूप शाबूत असणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं, असं माझं मत आहे.

पर्रीकर सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर आले, तेव्हा ‘कॉम्प्युटर शिकणं’ म्हणजे पेंटमध्ये घर काढणं आणि एक पत्र टाइप करणं. २०२१ मध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स सहावी ते आठवीत आलं. आता मुलं स्क्रॅच या कोडिंग शिकायच्या सॉफ्टवेअरमध्ये मांजर चालवतात, तिला भिंत लागली की मागे फिरवतात. नेट नाही म्हणून मी पेनड्राइव्हवरून ऑफलाइन स्क्रॅच टाकला आणि तास चालू ठेवले. म्हणून फाईली मशीनवरच साठत होत्या.

तो मुलगा जागेवर गेला नाही. माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, ‘हाचें वर्स चुकलां.’ याचं वर्ष चुकलंय.

मी उठून गेले. फोल्डर तारखेप्रमाणे लावलेला, नवीन वर, जुनं खाली. त्याने आत्ता सेव्ह केलेली मांजर तळाला पडली होती. शेजारी तारीख: १ जानेवारी २००९. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावरही तेच.

मशीनच्या आतल्या मुख्य सर्किटवर, मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२. मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. प्लग चालू असेल तर घड्याळाला तिथून वीज मिळते आणि बॅटरी कित्येक वर्षं टिकते. आमच्याकडे विजांच्या भीतीने शिपाई रोज संध्याकाळी मेन पाडतो. मे महिनाभर तर लॅब बंदच. बॅटऱ्या संपल्या, आणि त्या अकरा मशीनवर रोज सकाळी नव्याने १ जानेवारी २००९ उजाडू लागला. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र बघतो, ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यात लिहिलेलं असतं. मशीनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. आमचा जुना ब्राउझर कारण न सांगता ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून थांबायचा. पूर्वी साइट साध्या असायच्या, तेव्हा चुकीच्या तारखेने फारसं बिघडत नसे. आता जवळजवळ प्रत्येक साइट कुलपातली.

आणि हे मला कळायला हवं होतं, कारण मशीन रोज सांगत होतं. चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत: तारीख आणि वेळ सेट केलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. जूनच्या पहिल्याच आठवड्यात मीच मुलांना सांगितलं होतं, ‘ते काळं आलं की वाचत बसू नका, एफ१ दाबा, पुढे चला.’ तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच चपला काढण्यात जातात. त्या वेळी ते बरोबरच वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी वाळपईच्या बाजारात चतुर्थीच्या गर्दीतून वाट काढत घड्याळवाल्याकडे गेले. अकरा बॅटऱ्या, तीनशे तीस रुपये. सुट्टीनंतर स्क्रू काढून एकेक बदलली, तारखा घातल्या. अकराही मशीनवर नेट आलं. मेंटेनन्सवाल्याला फोन केला, तर म्हणाला, ‘हां मॅडम, तसंही असू शकतं.’

मुलाला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तो लाजला. पण आधी दोनदा तो आला होता, तेव्हा काय म्हणाला होता ते मला आठवत नाही. त्याला विचारायचं धाडसही झालं नाही.

मुलं अजून मशीन चालू झालं की सवयीने एफ१ दाबतात. आता काळा पडदा येत नाही, थेट डेस्कटॉप येतो, आणि त्यावर मदतीची खिडकी उघडते. ती ते न वाचता बंद करतात.