एक लाख दाखले आणि एक रोजनिशी

आमच्या आजीच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली, पोर्तुगीज अमदानीतला एक परवाना घडी करून ठेवलेला होता. १९५५मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केल्यानंतर सीमेपलीकडे बांद्याला माहेरी जायचे तर असा कागद लागे. भावाच्या आजारपणात तिला तो मिळाला, पण मिळेपर्यंत भावाचे दिवसकार्यही उरकले होते. हिटलरच्या संहारात ज्यांचे सारे कुटुंबच मारले गेले होते त्या ज्यूंच्या दुःखाशेजारी हे दुःख ठेवणे शोभणार नाही, हे मला कळते. तरीही जेम्स मॅकडोनल्ड या अमेरिकन माणसाची रोजनिशी पणजीतल्या पाटोच्या ग्रंथालयात बसून वाचताना तो कागद सारखा आठवत राहिला.

मॅकडोनल्ड हे राष्ट्रसंघाचे जर्मनीतून येणाऱ्या निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त होते आणि जगाच्या उदासीनतेला कंटाळून त्यांनी १९३५च्या डिसेंबरात राजीनामा दिला. दिवसभरात कोण काय बोलले ते टंकलेखिकेला सांगून उतरवून घेण्याची त्यांची सवय होती. ही हजारो पाने पुढे त्यांच्या मुलींनी वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला दिली. युद्धोत्तर भागात मला सर्वांत मोलाचे वाटले ते ‘एक लाख’ या आकड्याचे भ्रमण.

हा आकडा १९४५च्या जूनमध्ये ज्यू एजन्सीने, म्हणजे पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेने, तिथे राज्य करणाऱ्या ब्रिटिशांकडे ज्यू निर्वासितांसाठी मागितलेल्या प्रवेशदाखल्यांचा. जर्मनी-ऑस्ट्रियातील निर्वासितांच्या छावण्या पाहून आलेल्या अर्ल हॅरिसन या अमेरिकन दूताने तो आपल्या अहवालात उचलून धरला आणि ३१ ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांना तसे पत्र लिहिले. ब्रिटनने नकार न देता समिती नेमण्याचा मार्ग काढला. आपल्याकडच्या वाचकाला ही युक्ती नव्याने समजावून सांगायला नको. सहा अमेरिकन आणि सहा ब्रिटिश अशा बारा जणांत मॅकडोनल्ड होते. अमेरिकी अध्यक्षांचे भारतातील प्रतिनिधी असताना गांधीजींना भेटू देण्याची विनंती करून व्हाइसरॉय लिनलिथगो यांचा नकार पदरी घेतलेले विल्यम फिलिप्सही होते. छावण्या, व्हिएन्ना, कैरो, जेरुसलेम असे फिरून समिती स्वित्झर्लंडमधील लोझानला बसली आणि १९४६च्या एप्रिलमध्ये तिने एकमताने एक लाख दाखल्यांची शिफारस केली. ट्रूमन यांनी तेवढेच कलम उचलून जाहीर स्वागत केले, तर दुसऱ्याच दिवशी ॲटली यांनी पॅलेस्टाइनमधील बेकायदा सशस्त्र दलांच्या निःशस्त्रीकरणाची अट पुढे केली.

मॅकडोनल्ड तटस्थ नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांचा कल ज्यूंच्या प्रवेशाकडे होता आणि अरबांच्या बाजूसाठी या पानांवर विसंबून राहणे चूक ठरेल. पण शेवट ठाऊक नसताना लिहिलेला मजकूर, आठवणी म्हणून मागाहून बेतलेल्या मजकुरापेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात लेखकाची फजितीही सुटत नाही. २७ जुलै १९४६ रोजी न्यूयॉर्कचे दोन सिनेटर बरोबर घेऊन ते ट्रूमन यांच्याकडे गेले. पॅलेस्टाइनमधील अरब आणि ज्यू प्रांतांना स्वायत्तता देण्याच्या नव्या ब्रिटिश-अमेरिकन योजनेत एक लाखांचा प्रवेश ती योजना मान्य होण्याशी बांधला होता, आणि त्याविरुद्ध त्यांनी निवेदन लिहून नेले होते. दबावाला विटलेले ट्रूमन ते वाचू देण्यासही नाखूश होते. ज्या राष्ट्राध्यक्षाने आकडा जगापुढे मांडला, त्याच्याच दालनात त्या आकड्याची वकिली करणाऱ्याला असे अवघडून उभे राहावे लागले, हे सरकारी इतिवृत्तात कोण लिहील?

दाखले दरमहा दीड हजार या जुन्याच वेगाने निघत राहिले. त्या हिशेबाने एक लाख पुरे व्हायला साडेपाच वर्षे लागली असती. तेवढी वाट न पाहता जे जहाजांत चढले, त्यांना ब्रिटिश आरमार ऑगस्ट १९४६पासून अडवून सायप्रसला नेऊ लागले. तिथल्या तारेच्या कुंपणांमागे पन्नास हजारांहून अधिक माणसे राहून गेली.