हरकतीच्या सुनावणीला निघालात? कोपरखैरणे ते बेलापूर, एका दिवसाचा अनुभव

नोटिशीत वेळ होती सकाळी 11 ची. माझं नाव पुकारलं तेव्हा 4 वाजून 10 मिनिटं झाली होती. बोलायला मिळाली जेमतेम तीन मिनिटं. पाय अजून ठणकताहेत, पण उद्यापर्यंत थांबले तर अर्धं विसरेन, म्हणून आजच लिहितेय.

महापालिकेच्या प्रारूप विकास आराखड्यात, म्हणजे कुठली जमीन कशासाठी ते दाखवणाऱ्या कच्च्या नकाशात, आमच्या सेक्टरमधलं मैदान वेगळ्याच रंगात, म्हणजे वेगळ्याच वापरासाठी दाखवलंय. त्यावर मी हरकतीचा अर्ज दिला होता, त्याचीच ही सुनावणी. 

कोपरखैरण्याहून पनवेलची लोकल पकडा. वाशी किंवा नेरुळच्या गाडीत बसलात तर मध्ये गाडी बदलावी लागते. बेलापूरला उतरल्यावर रिक्षावाल्याने सरळ 120 रुपये मागितले. मीटरचं किमान भाडं 26 रुपये. उशीर होईल या भीतीने मी दिले. संध्याकाळी तेच अंतर मीटरने 38 रुपयांत झालं. 82 रुपये उगाच गेले, अजून डोक्यातून जात नाही. मीटर टाकत नसेल तर बसू नका, दुसरी रिक्षा मिळते.

पण खरा दगा दिला तो छापील अर्जाने. सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर फिरला होता, 'फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो.' आमच्याकडून 140 सह्या गेल्या. सुनावणीत ते सगळे अर्ज एका गठ्ठ्यात आले आणि एकाच माणसाला बोलू दिलं. समोरून विचारलं, 'भूखंड क्रमांक?' अर्जात तो नव्हताच. फक्त 'मैदान वाचवा' एवढंच. 140 घरांचं म्हणणं एका मिनिटात आटोपलं. असल्या अर्जावर सही करून घरी बसू नका. स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने अर्ज द्या, त्यात सेक्टर, भूखंड क्रमांक आणि नकाशाचा शीट क्रमांक लिहा, आणि अर्ज स्वीकारणाऱ्या आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी वेगळा अर्ज दिला होता म्हणूनच माझ्या नावाने नोटीस आली. मुदत कडक असते. ती प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात.  ऐकीव आकड्यावर विसंबू नका.

बाकड्यावर माझ्या शेजारी गावठाणातल्या एक आजी होत्या. दुधाच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा, त्याच्या घडीवर चिकटपट्टी. त्यांच्या घरावरून आराखड्यातल्या रस्त्याची रेघ गेली होती. 'बाय, आत गेल्यावर उभं राहून बोलायचं का बसून?' त्यांनी मला विचारलं. हे सांगायलाही तिथे कुणी नव्हतं. उभं राहूनच बोलावं लागतं. घरातल्या वयस्कर माणसाला एकटं पाठवू नका.

आत नियोजन समिती बसते. 1966 च्या नगररचना कायद्यात तिची रचना ठरलेली आहे, महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. ही समिती निर्णय देत नाही, अहवाल देते. पुढे आराखडा मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. त्यामुळे आत भाषण करू नका, अहवालात उतरेल असं एक वाक्य बोला. मी नकाशाचा तुकडा मोठा करून नेला होता, सोबत मैदानाचा संध्याकाळचा फोटो. एका सदस्याने पेन्सिल भूखंडावर टेकवून विचारलं, 'हेच का?' मी हो म्हटलं, त्यांनी तिथे गोल केला. दिवसभरात मला मिळालेली एवढीच खरी गोष्ट, आणि तिच्यासाठी मी पुन्हा पाच तास बसेन. बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते, आनंदाने.

नकाशाची मोठी प्रत आदल्या दिवशी आपल्या भागातच काढा, बेलापूरच्या झेरॉक्सवाल्याने दुप्पट घेतले. पाणी आणि डबा घरून न्या. जेवायला बाहेर गेलात आणि नाव पुकारलं गेलं तर पुन्हा पुकारत नाहीत. माझ्या पुढचे दोघे असेच राहिले. तिथून निघण्याआधी हजेरीच्या वहीत आपल्या अर्जाच्या क्रमांकासमोर सही केलीय ना, एवढं बघा.