तुम्ही विचारलंत म्हणून: रिंगणात रेती कोणती टाकली

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत भेटलेले असोत नाहीतर घोडा बघायला घरी आलेले, सगळ्यांचं एकच, भाऊ, घोडा फिरवायच्या रिंगणात रेती कोणती टाकली, आणि लगेच, तापी उशाशी असताना क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, विकत कशाला घेतली? एकदाच लिहितो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

रेतीचं सगळ्यात शेवटी येतं हो. आपली जमीन काळी, पावसात फुगणार, मे महिन्यात मनगट जाईल एवढी फाटणार. तिच्यावर नुसती रेती टाकली की पावसाळ्यात चिखल वर आणि रेती खाली. म्हणून माझा निम्म्याहून जास्त पैसा जमिनीखाली गेला, काळी उपसली, मुरूम भरला, पाणी मारून मारून रोलर फिरवला, वीस मीटर रुंदीला वीस सेंटिमीटर उतार दिला, मग गिट्टी, तिच्यावर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण रेती अडवणारं कापड. गावात विचारत होते रस्ता बांधतोय का. बांधतच होतो, काय चुकलं?

आता नदीची रेती. तिचा दाणा पाण्यात घासून गोल झालेला, टापेखाली गोट्यांसारखा सरकतो. क्रशचा दाणा कोनदार, एकमेकांत अडकतो, घोड्याला धर मिळतो. फक्त धुतलेली घ्या, नाहीतर डस्टने तुम्ही आणि घोडा दोघं खोकाल.

आणि हो, घोडीचं. तेच ऐकायचं असतं ना सगळ्यांना? क्रश सँडने याची घोडी लंगडी झाली, हे मी स्वतः शहाद्याच्या चहाच्या टपरीवर ऐकलंय, बोलणाऱ्याला माहीत नव्हतं मागे कोण बसलंय. झालं असं की रेती अडीच इंच होती. मी धुळ्याला गेलेलो, आमच्या नानांनी मागे आणखी डंपर बोलावले, "जनावरले मऊ लागस, भाऊ." चाळीस बाय वीस मीटरच्या रिंगणात एक इंच म्हणजे सात ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), तर विचार करा किती ओतली असेल. आल्यावर बघितलं, टाप पूर्ण बुडत होती. काढायला मजूर मिळेनात, कापूस वेचणी जोरात. तेवढ्यात पोराने तिला दोरीवर गोल फिरवली, रोजच्यासारखीच. सकाळी पुढच्या डाव्या पायाची नळीमागची नस गरम, बोट लावलं की पाय उचलायची. डॉक्टर खाली बसून बराच वेळ दोन्ही पाय आलटून पालटून चाचपत होते, मग म्हणाले टेंडन, सहा महिने विसरा. मी विचारलं रेतीमुळे का? म्हणाले, खोल रेतीत नसेवर ताण येतो, पण आधीचंही काही असू शकतं.

तेवढंच. मी सगळ्यांना ठासून सांगतो की खोलीमुळे झालं, क्रशमुळे नाही. रात्री मात्र वाटतं, यात्रेत घेतली तेव्हाच त्या पायाला काही होतं का? नानांशी यावर अजून धड बोललो नाही, ते आजही म्हणतात मऊच बरं.

रेती ओली ठेवायच्या पाण्याचंही तसंच. आधी मीच सांगत फिरायचो की रोज संध्याकाळी तुषार लावला की झालं. वैशाखात दुपारपर्यंत सगळं कोरडंठाक, बोअर आटलेली, मग कसलं झालं? सध्या पहाटे पाणी आणि पहाटेच स्वारी. रेतीत फायबर, म्हणजे कृत्रिम धागे, मिसळलं तर ओल टिकते म्हणतात, भाव काढतोय, पटत नाहीये.

तुमची जमीन मुरमाड असेल तर यातलं निम्मं लागणारच नाही. आधी गुडघाभर खड्डा खणा, फोटो पाठवा, मग रेतीचं बोलू.