एक जूनचं लेकरू

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या अभ्यासातली एक मुलगी आखूड झाली. 3 मेला 76.2 सेंटिमीटर, 3 जूनला 75.8. ऑफिसात डेटा बघणारी मुलगी अशा नोंदींना लाल रंग लावते आणि आमचा चहा व्हायच्या आत त्यांचा फोटो पाठवते. खाली एकच ओळ होती, ‘ताई, हिची उंची कमी कशी झाली?’

उंची कमी होत नसते. वजन उतरतं, चार दिवसांच्या जुलाबात डोळ्यांदेखत उतरतं, पण हाड एकदा वाढलं की वाढलं. तेव्हा चूक आमचीच होती, फक्त कुठली ते शोधायचं होतं.

माझं काम थोडक्यात सांगते. मी आहारतज्ज्ञ. ठाण्यात राहते आणि गेली काही वर्षं नवी मुंबईच्या डोंगरकडेच्या वस्त्यांमधून लहान मुलं मोजत फिरते. वस्तीतल्या आयांना विचारलं तर ‘माप घेणाऱ्या ताई’. आमच्या अभ्यासात मध्यम कुपोषित मुलांना शेंगदाणा, दूधभुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं-खनिजं घातलेल्या पेस्टचं रोज एक पाकीट द्यायचं आणि दर महिन्याला वजन, उंची, दंडाचा घेर बघायचा. मूल अभ्यासात घ्यायची अट अशी की 18 महिने पूर्ण झालेले असावेत. ही अट लक्षात ठेवा, पुढे तीच नडली.

10 जून, मंगळवार. वटपौर्णिमा होती, त्यामुळे ठाणे स्टेशनवर सकाळीच हिरव्या साड्या, पूजेची ताटं आणि वडाच्या फांद्या विकणाऱ्या बायका. पाऊस 26 मेलाच मुंबईत दाखल होऊन सगळ्यांना चकवून गेला होता आणि आता दडी मारून बसला होता. घाम नुसता निथळत होता. ट्रान्स-हार्बरने दिघा गाव म्हणजे ठाण्यानंतरचं पहिलंच स्टेशन. पण खांद्यावर इन्फँटोमीटरची, म्हणजे लहान मुलांची लांबी मोजायची फळी, पाठीवर वजनकाटा आणि पुढे डोंगराच्या पायऱ्या असल्या की पहिलं स्टेशनही लांबच वाटतं. सोबत आमचा नवा मुलगा होता. 3 जूनचं माप त्यानेच घेतलं होतं, त्यामुळे बिचारा गाडीत एक शब्द बोलला नाही.

घर जालन्याकडच्या कुटुंबाचं. बाप नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते बांधकामाचं काम करतो. आई ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करते. आम्ही पोहोचलो तेव्हा ती पूजेला गेली होती. बाप त्या दिवशी काम न मिळाल्यामुळे घरी, आणि दारात आजी, मांडीवर नात. मला बघताच नात आजीच्या पदराखाली शिरली. आमच्या धंद्यात हे स्वागतच.

आधी मी तिला आडवी मोजली. लांबी मोजणं बघायला सोपं, करायला अवघड आहे. फळीवर मूल निजवायचं, एकाने डोकं दोन्ही हातांनी धरून वरच्या पाटीला टेकवायचं, नजर सरळ छताकडे. दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि तळव्यांना सरकती पाटी चिकटवायची. टाचा उचलल्या की गेलं. या मुलीच्या डोक्यावर रबरबँड लावून कारंज्यासारखी शेंडी बांधलेली होती. ती सोडली. पायातले वाळे वर सरकवले. ती इतकी किंचाळली की शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पहिलं माप 76.6. उचलून घेतली, पाणी पाजलं, पुन्हा निजवली. दुसरंही 76.6.

म्हणजे मुलगी वाढत होती. मग 75.8 कुठून आलं?

‘ताई, टॅबवर उभं मोजा म्हणून आलं होतं,’ मुलगा पहिल्यांदा बोलला. तसंच झालं होतं. दोन वर्षांखालचं मूल आडवं मोजायचं आणि दोन वर्षं पूर्ण झाली की उभं, हा नियम. उभं राहिल्यावर तेच मूल साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. ते गृहीत धरूनच जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढीचे तक्ते केलेले आहेत. आमच्या फॉर्मवर तिची जन्मतारीख 1 जून 2023. त्यामुळे 3 मेला टॅबने तिला आडवी धरलं आणि 3 जूनला दोन वर्षं दोन दिवसांची म्हणून उभी केली. मुलाची काही चूक नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी मुद्दाम बघितलं नाही.

इथे काम संपायला हरकत नव्हती. ‘मापाची पद्धत बदलली’ असा शेरा मारून मी परत फिरले असते. पण माझी नजर 1 जूनवर अडकली. ज्यांच्या जन्माची नोंद नव्हती त्यांना शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून दिला, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. माझ्या वडिलांचाही 1 जूनच. पण 2023 साली जन्मलेल्या पोरीचा?

‘दादा, हिचा जन्म एक जूनचाच ना?’

बाप मोकळेपणाने हसला. ‘तसं न्हाई मॅडम. इथं अंगणवाडीत नाव घालाया गेलो, तवा त्यांनी तारीख इचारली. कार्ड गावाकडं. म्हणलं लिवा एक जून. माझा एक जून, हिच्या आईचा एक जून, आईचा बी एक जूनच हाय. आमच्या घरात सगळ्याहिचा एकच वाढदिवस.’

अंगणवाडीच्या रजिस्टरमधून तो 1 जून आमच्या फॉर्मवर आला. आणणारी मी. फॉर्मवर ‘जन्मतारखेचा पुरावा’ असा स्वतंत्र रकाना असतो. त्यात मी ‘रजिस्टर’वर टिक मारून खाली सही केली होती. मार्चमधल्या त्या दुपारी मला अजून पाच घरं करायची होती, हे आता सांगून काय उपयोग.

पुस्तकी उपाय असा की तारीख नसेल तर सणवार, पेरणी-काढणी, पूर, निवडणूक असं विचारत विचारत महिन्यापर्यंत यायचं. मी सुरुवात करणार तोच आजी म्हणाल्या, ‘एवढं काय इचारायचं त्यात. पोळ्याच्या करीला झाली ही. सून दवाखान्यात, आन् घरी बैलाच्या शिंगाचा रंग बी वाळला नव्हता.’

‘कुठल्या वर्षीचा पोळा, आजी?’

‘सरावन दोन आले व्हते बघ. अधिकाचं वाण दिलं मी जावयाला, मंग पोळा लई लांबला.’

मोबाइलवर जुनं पंचांग उघडलं. अधिक श्रावण 2023 मध्ये. पोळा 14 सप्टेंबरला. कर म्हणजे दुसरा दिवस, 15 सप्टेंबर. पावतीवर तारीख छापून यावी तशी तारीख आजींनी काढून दिली. तरी खात्री हवी म्हणून बापाने गावाकडे भावजयीला फोन लावला. तिने पेटीतून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं, फोटो यायला वीस मिनिटं लागली. कोपऱ्यावर तेलाचा डाग, पण अक्षर स्वच्छ. जन्म 15/9/2023, त्याच तारखेला बीसीजी.

मी तिथेच पायरीवर बसून तक्ता काढला. कागदावरच्या वयाने मुलगी 24 महिन्यांची. त्या वयाच्या मुलींसाठी तीव्र खुजेपणाची, म्हणजे वयाच्या मानाने फारच कमी उंचीची, रेषा उभ्या उंचीत 76.0 सेंटिमीटर. उभी 75.8, आणि आडव्या 76.6 मधून ते 0.7 वजा केले तरी 75.9. कसंही मोजा, ती त्या रेषेच्या खालीच येत होती. खऱ्या वयाने ती 20 महिने आणि 26 दिवसांची. तिथे तीव्रची रेषा 74 च्या आसपास. म्हणजे तीच पोरगी, तीच फळी, तेच 76.6, आणि तीव्रची मध्यम झाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, देशातली पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं खुजी निघाली. हा आकडा मी स्वतः व्याख्यानांत कितीदा सांगितला आहे. उंची मोजताना आम्ही मिलिमीटरवर जीव टाकतो, पण खुजेपणा ठरतो वयाच्या मानाने, आणि ते वय कोणीतरी दाराशी उभं राहून ‘लिवा’ म्हणून सांगितलेलं असू शकतं. वयातल्या चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असल्या तरी एकमेकींना खोडून काढत नाहीत. त्या आकड्यांचा पसारा वाढवतात आणि तीव्रच्या टोकाला जरा जास्तच मुलं ढकलतात. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात तारखेवर वेळ घालवतात. मी घालवला नव्हता.

एक गोष्ट मात्र तारखेने हलली नाही. दंडाची पट्टी. 11.8 सेंटिमीटर. सहा महिन्यांपासून 59 महिन्यांपर्यंत पट्टी एकच: 11.5 च्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळं. तिला वय विचारावं लागत नाही. उंचीच्या मानाने वजनालाही लागत नाही. काट्यावर 7 किलो 400 ग्रॅम. पोरगी लुकडी होती ती होतीच.

आणि मग ती अट. आम्ही तिला अभ्यासात घेतलं 3 मार्चला. त्या दिवशी तिचं खरं वय 17 महिने 16 दिवस. म्हणजे आम्ही तिला घ्यायलाच नको होतं.

मी बाहेर येऊन प्रमुख संशोधक मॅडमना फोन लावला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘आज रात्रीपर्यंत लेखी दे. एथिक्स कमिटीला कळवू. तोवर पाकिटं थांबवू नकोस.’ ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाप मागे येऊन उभा होता. त्याने अर्धंच ऐकलं असावं. ‘मॅडम, तारीख खरी सांगितली म्हणून पाकिटं बंद व्हणार का?’

याला काय उत्तर द्यायचं? तारीख विचारताना मी त्याला हे सांगितलंच नव्हतं की उत्तरावर काही अवलंबून आहे. ‘आज बंद नाही,’ एवढं म्हणाले. त्याने मान हलवली, पण तीन महिन्यांत कमावलेला विश्वास थोडा सैल झालेला दिसत होता. (कमिटीने नंतर तिला चालू ठेवायला सांगितलं. तिच्या वयाला पेस्टने धोका नव्हता. नियमभंगाची नोंद झाली, आणि आम्हाला यादीतल्या प्रत्येक 1 जून आणि 1 जानेवारीच्या घरी पुन्हा जावं लागलं. तो पावसाळा त्यातच गेला.)

घरात येऊन फॉर्म दुरुस्त करायला बसले. व्हाइटनर चालत नाही. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तो वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, सही, आजची तारीख. एवढ्यात आई पूजा करून आली. उपास होता तरी आमच्यासाठी चहा टाकला. नात आता शांत होऊन माझ्या फळीची सरकती पाटी पुढेमागे करत बसली होती.

आजी मघापासून माझ्या हाताकडे बघत होत्या. पाकीट उचलून त्यांनी वास घेतला. ‘बहात्तरच्या दुष्काळात असलंच भेटायचं, सुकडी. मी खडी फोडाया जायची मायसंगं. बारा-तेरा वरसाची असंल.’

मी सहज बोटं मोजली. म्हणजे आता पासष्टीच्या घरात. ‘आजी, तुमच्या आधारवर काय आहे?’

कार्ड फडताळातून निघालं. 1 जून 1968.

‘त्याच्यावर सत्तावन्न भरत्यात म्हणं. म्हतारीचं पैसं पासष्टला मिळत्यात,’ आजी म्हणाल्या. श्रावणबाळ योजनेची वयाची अट त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. ‘लेकराची तारीख तू अशी रेघ मारून बदलली ना बाई? माझी बी मार की एक.’

‘आजी, हा कागद माझा आहे. आधार माझ्या हातात नाही.’

‘मंग निजव मला त्या फळीवर,’ त्या म्हणाल्या, आणि पायातल्या चपला काढायला लागल्या.